तिघे बरोबरीत आले तर

मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत मी बरीच वर्षं टाइमकीपर होतो. कोण किती वाजता कामावर आला, किती वाजता गेला, याची नोंद ठेवणं हे माझं काम. कंपनीतल्या निम्म्या लोकांचा माझ्यावर राग होता, कारण मी पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नसे. लग्नाआधी मला याचा अभिमान वाटायचा. लग्नानंतर बायकोने तो बराच कमी केला.

शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळी सहाला घाला नावाच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीमागे, खडीच्या मोकळ्या जागेवर, फुटबॉल चालायचा. दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. गवत नावालाही नव्हतं. पडलं की गुडघा सोलून निघायचा, म्हणून सगळे जुन्या पँटी कापून गुडघ्यापर्यंतच्या करून घालायचे. सात-सात जणांचा संघ, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि ऊन चढायच्या आत खलास. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलवरून सख्खे भाऊ महिना महिना बोलत नाहीत. मी स्वतः मात्र कधी बरा खेळलो नाही. म्हणून शिट्टी, वही आणि नियम हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

आमच्या कंपनीच्या संघाचा कप्तान म्हणजे शटरिंगचा फोरमन, काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्यांचा मुकादम. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान, मस्कतमध्ये पंचवीस वर्षं काढलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. तो मला नावाने कधी हाक मारत नसे. ‘कोल्हापूर’ एवढंच म्हणायचा. साठीला टेकला होता आणि गोलकीपर होता. पळणं बंद झालं तेव्हा गोलमध्ये जाऊन उभा राहिला, तो तिथेच राहिला. हा संघ त्यानेच उभा केला होता. चेंडू त्याने आणला, गोलचे खांब त्याने साइटवरच्या टाकाऊ पाइपांतून जोडले, आणि दरवर्षी अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे त्याचाच संघ बाहेर पडायचा. त्या वर्षी कंपनीने त्याला कळवलं की आता व्हिसा वाढणार नाही. अंतिम सामना शुक्रवारी होता आणि त्याचं कायमचं परतीचं तिकीट त्यानंतरच्या रविवारचं. तिकिटाची तारीख त्याने मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या ओमानी माणसाच्या, मागे लागून मुद्दाम तशी घेतली होती. यात काही लपवाछपवी नव्हती. साइटवर जो भेटेल त्याला तो सांगायचा, “या वेळी फायनल खेळून जाणार. इन्शाल्ला.”

त्या वर्षी आठ संघ झाले. म्हणून मी चार-चारचे दोन विभाग पाडले. विभागात प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, आणि दोन विभागांचे दोन विजेते अंतिम सामन्यात समोरासमोर. शुक्रवार मोजकेच होते. उपांत्य फेरी वगैरे चैन परवडणारी नव्हती. आता प्रश्न असा की विभागात दोघे-तिघे बरोबरीत आले तर पुढे कोण जाणार? आधीच्या वर्षी यावरूनच हाणामारी झाली होती आणि माझी शिट्टी कोणीतरी वाळूत फेकून दिली होती. म्हणून मी ठरवलं, या वेळी सगळं आधी कागदावर.

आमच्या साइटवर सल्लागार कंपनीचा एक म्हातारा अमेरिकन इंजिनियर होता. त्याला मी हे सहज बोललो आणि त्याचे डोळे चमकले. त्याच्या गावात म्हणे एक मोठं विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठाचा फुटबॉल हाच गावाचा धर्म. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं. मी म्हटलं, मग त्याला फुटबॉल का म्हणता? त्यावर तो हसला आणि एका रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर चौकोन काढायला लागला. त्यांच्याकडेही विद्यापीठांच्या एका मोठ्या गटाचे दोन विभाग केलेले होते, आणि दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळायचे. अगदी माझ्यासारखंच. मला फार बरं वाटलं.

मग त्याने बरोबरी कशी सोडवायची ते सांगितलं. दोघे बरोबरीत असतील तर सोपं: त्या दोघांत कोणी कोणाला हरवलं ते बघायचं. जिंकला तो वर. तीन जण बरोबरीत आले की खरी गंमत. पहिल्याने दुसऱ्याला हरवलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने पहिल्याला. मग कोण कोणाच्या वर? तेव्हा त्यांच्याकडे एकेक पायरी उतरत जातात. विभागातल्या सामन्यांत कोणाची कामगिरी चांगली, मग अमुक संघाविरुद्ध कोण जिंकलं, मग तमुक. काहीच सुटलं नाही तर देशभरातल्या संघांची दर आठवड्याला जी क्रमवारी लागते तिच्यात वर कोण ते बघायचं. मी म्हटलं, आमच्यात लाँड्रीवाल्यांचा संघ आहे, बेकरीवाल्यांचा आहे, मोटारींच्या शोरूमवाल्यांचा आहे. यांची देशभर क्रमवारी कोण लावणार? मी सरळ गोलांचा फरक धरतो. केलेले गोल वजा खाल्लेले गोल.

तो थांबला. पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, फरक धरायचाच असेल तर बरोबरीतल्या तिघांनी एकमेकांवर केलेले गोल तेवढे धर. सगळ्यात दुबळ्या संघावर कोणी किती गोल केले ते मोजू नकोस. नाहीतर बलवान मुलं दुबळ्या मुलांना चेचत बसतील आणि तू कडेला उभा राहून मोजत बसशील.

मी मान डोलावली आणि ऑफिसात येऊन माझ्या पद्धतीने नियम टाइप केला: ‘तिघे बरोबरीत आल्यास विभागातील सर्व सामन्यांचा गोलफरक धरला जाईल.’ मला वाटलं, गोल तो गोल. बेकरीवर केलेला गोल आणि लाँड्रीवर केलेला गोल यांत फरक करणारा मी कोण? शिवाय हाताने फुटबॉल खेळणाऱ्यांनी कोल्हापूरच्या माणसाला गोल शिकवावेत, हेही मला जरा झोंबलं होतं. खरं कारण तेच. सहा वाजून पंधरा मिनिटांपर्यंत पाच खेळाडू हजर नसतील तर समोरच्या कप्तानाने वॉकओव्हर घ्यावा आणि तीन-शून्य लिहावं, असाही एक नियम केला. कागदाच्या झेरॉक्स काढून आठही कप्तानांच्या सह्या घेतल्या.

आमच्या विभागात आम्ही, शोरूम, बेकरी आणि लाँड्री. पहिल्या शुक्रवारी आम्ही शोरूमला तीन-शून्यने लोळवलं आणि बेकरीने लाँड्रीला दोन-शून्य हरवलं. चाचाने एक पेनल्टी अडवली आणि नंतर आठवडाभर प्रत्येकाला उजवा हात दाखवत फिरला.

दुसऱ्या शुक्रवारी आमचा सामना लाँड्रीशी होता. ते सहा वाजता आलेच नाहीत. सव्वासहाला एक पिकअप आली आणि तिच्यातून चार जण उतरले. हॉटेलांच्या चादरींचं काम आदल्या दिवशी वाढलं होतं आणि बाकीचे तीन जण उभ्याउभ्या झोपत होते म्हणून त्यांना मागे ठेवलं होतं. मी वही उघडून तीन-शून्य लिहायच्या तयारीत होतो. तिकडे चाचा गोल सोडून मैदानाच्या मध्यावर गेला आणि लाँड्रीच्या कप्तानाशी बोलला. हा कप्तान म्हणजे एक काटकुळा मल्याळी माणूस, इस्त्रीच्या विभागातला. दोघांनी हात मिळवले. मग चाचा परत आला आणि स्वतःच्याच तीन जणांना म्हणाला, “तुम्ही भायेर बसा. चार-चार खेळायचं.”

मी म्हटलं, “चाचा, वॉकओव्हर आहे. नियम आहे.”

“ती पोरं आठवड्याची एक झोप मोडून आली हायत,” तो म्हणाला. “त्यांस परत पाठवू? तू वय लिही, मॅच हाय.”

‘वय’ म्हणजे माझी वही. त्या मैदानाची ही जुनी रीत होती, माझ्या नियमांच्या आधीची. समोरचे कमी आले तर आपलेही तेवढेच कमी करायचे. खेळायला आलेल्या माणसाला न खेळवता पाठवायचं नाही. मी नियम लिहिताना ही रीत कागदावर घेतली नव्हती, कारण ती कोणाला सांगावी लागेल असं मला वाटलंच नाही. चार-चार जणांत चाळीस मिनिटं सामना झाला. सगळ्यांची जीभ बाहेर आली. आम्ही एक-शून्य जिंकलो. मी एक-शून्य लिहिलं. त्याच सकाळी शोरूमने बेकरीला दोन-शून्य हरवलं.

तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे विभागाच्या शेवटच्या दिवशी, आधी आमचा सामना बेकरीशी झाला. बरोबरी झाली असती तरी आम्ही पुढे गेलो असतो. आम्ही एक-शून्य हरलो. गोल चाचाच्या पायांमधून गेला. तो खाली वाकला, पण वाकायला उशीर झाला.

त्यानंतर शोरूम विरुद्ध लाँड्री. शोरूमचा कप्तान सेल्समधला तरुण, केसाला जेल, पायात खिळ्यांचे खरे बूट. सामना सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडे आला आणि विचारलं, “अंकल, कितना चाहिए?” मी वहीत हिशेब मांडला. शोरूम जिंकलं तर आम्ही, शोरूम आणि बेकरी तिघेही दोन-दोन सामने जिंकलेले. आम्ही शोरूमला हरवलेलं, शोरूमने बेकरीला, बेकरीने आम्हाला. अमेरिकनाचं चक्र जसंच्या तसं. बेकरीचा फरक फक्त एकाचा, ती शर्यतीत नव्हती. आमचा फरक अधिक तीन. शोरूमचा त्या घडीला उणे एक. “पाँच,” मी म्हटलं. विचारलं की सांगायचं, हा माझा स्वभाव. वही कोणाच्या बापाची नाही.

लाँड्रीचे सहा जण आले होते. शोरूम सातांनी खेळलं. तीन गोल झाल्यावर लाँड्रीची पोरं चालायला लागली. चार झाल्यावर त्यांचा गोलकीपर खाली बसला, त्याला उठवून उभं केलं. शोरूमवाले चेंडू गोलमधून उचलून धावत मध्यावर आणायचे, वेळ वाया जाऊ नये म्हणून. मी शिट्टी तोंडात धरून घड्याळ बघत होतो. चेचत बसतील आणि तू मोजत बसशील, हे त्या म्हाताऱ्याचे शब्द मला तिथे उभ्या उभ्या आठवले आणि लाज वाटली. पाचवा गोल शेवटच्या मिनिटात झाला.

बरोबरीतल्या तिघांसाठी म्हाताऱ्याने सांगितलेला हिशेब मी मनात करून बघितला. लाँड्रीचे गोल सोडले तर आम्ही अधिक दोन, बाकी दोघे उणे एक. चाचा अंतिम सामन्यात. माझ्या नियमाने शोरूम चार, आम्ही तीन. चाचा बाहेर. एका गोलाने.

खेळ संपल्यावर विभागाचा निकाल वाचून दाखवायची पद्धत होती. जवळच बौशरमध्ये एका मलबारी कॅफेटेरियात चारही कप्तान आणि मी बसलो. साडेनऊ वाजले होते. चहा आला, पराठे आले. मी कागद वाचला, वही वाचली, आकडे सांगितले. चाचाने चहाचा पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

तेवढ्यात लाँड्रीचा कप्तान बोलला. शोरूमने जे केलं ते त्याच्या मनात होतं. “एक मिनट. उस दिन हम चार आदमी था. रूल में पाँच है. चाचा ने वॉकओव्हर लिया था. बाद में हम लोग ऐसे ही खेला, टाइमपास. वो मैच नहीं था.”

मी सरळ होऊन बसलो. तसं असेल तर तीन-शून्य. आमचा फरक पाच, शोरूमचा चार.

शोरूमचा कप्तान भडकला. “बुक में एक-ज़ीरो लिखा है!” मग त्याने माझ्याकडे बघितलं, चाचाकडे बघितलं. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, “ठीक है. दोनों कैप्टन बोलते हैं वॉकओव्हर था, तो मैं मानता हूँ. चाचा बोल दें.”

मैदानाच्या मध्यावर त्या दोघांत काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत होतं. मी कडेला होतो. मला एवढंच माहीत होतं की चाचा मला ‘मॅच हाय’ म्हणाला होता, आणि ते शब्द मराठीत होते, इतरांना कळलेले नव्हते. आयुष्यात पाच मिनिटं न सोडणारा मी, वहीवर पेन धरून, मराठीतच हळूच म्हणालो, “चाचा, हो म्हणा. एक शब्द आहे फक्त. मी लिहितो.”

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो हिंदीत बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मैच था. मैंने हाथ मिलाया, बोला मैच है. एक-ज़ीरो.”

“चाचा, हमको चलता है,” लाँड्रीचा कप्तान कळवळून म्हणाला. “हमारा कुछ नहीं जाता.”

“तुम्हारा नहीं जाता,” चाचा म्हणाला. “चार आदमी चालीस मिनट दौड़ा, मैच समझ के दौड़ा. अब मैं बोलूँ टाइमपास था?” मग शोरूमच्या पोराच्या खांद्यावर थोपटलं. “जाओ. अच्छा खेलो. यल्ला.”

मला त्याचा इतका राग आला की मी पराठा तसाच बाजूला सारला. स्वतःपुरता मोठेपणा करायला काय जातंय, संघातल्या बाकी सहा जणांचं काय, असं मनात येत होतं. खरं तर त्या सहा जणांशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझी चूक त्याच्या एका शब्दाने झाकली गेली असती आणि त्याने ती झाकली नाही, याचा तो राग होता. वहीत एक-शून्य होतं ते तसंच राहिलं. खाली मी विजेता म्हणून शोरूम लिहिलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या. चाचाने सही केली, नेहमीसारखी सावकाश, एकेक अक्षर काढत.

आम्ही दोघेही माबेलाला राहायचो. तो कंपनीच्या कॅम्पात, मी बायको-पोरीबरोबर दोन खोल्यांत. शुक्रवारी तो माझ्या गाडीतूनच परतायचा. एरवी वाटेत तो सामना पहिल्यापासून पुन्हा सांगायचा, कुठे कोण चुकला ते दाखवायचा. त्या दिवशी वाटेतलं सीब गाव आलं तरी त्याने सामन्याचं नाव काढलं नाही. मी गाडी चालवत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. शेवटी न जुळवताच बोललो.

“चाचा, चूक माझी आहे. त्या अमेरिकनाने मला सांगितलेलं, लाँड्रीवरचे गोल धरू नकोस म्हणून. त्याच्या हिशेबाने तुम्ही फायनलला होता. मी ऐकलं नाही.”

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे. तसं म्हणणारा माणूस होता. कोणी खिळा वाकवला तरी जाऊ दे म्हणायचा.

तो म्हणाला, “मग का नाय ऐकलंस?”

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर अर्धवट बांधलेली घरं होती, त्यांतल्या काहींचं शटरिंग त्याच्याच हातचं. एरवी तो बोट दाखवून सांगायचा, हे माझं, ते माझं.

“अरे कोल्हापूर,” तो म्हणाला, “मी आजपर्यंत एकदा पण नाय खेळलो फायनल.”

“माहीत आहे, चाचा.”

“तिथं हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तू नाय बघितलंस. उघडलं होतं.”

मी गाडी कडेला घेतली. त्याने गळ्यातला टॉवेल काढून तोंडावर धरला.

“खेळायचं होतं रे मला,” तो टॉवेलातून म्हणाला. “लय खेळायचं होतं.”